औषधाला बंदी नव्हती, तरी पैसे अडकले

२१ जून २०२३ला अमेरिकेने म्यानमारच्या दोन सरकारी बँकांवर निर्बंध घातले: म्यानमा फॉरेन ट्रेड बँक आणि म्यानमा इन्व्हेस्टमेंट अँड कमर्शियल बँक. तिथल्या लष्करी राजवटीला बाहेरून शस्त्रे आणि सुटे भाग घ्यायला लागणारे डॉलर याच बँकांतून फिरतात, म्हणून. बातमी मी दुसऱ्या दिवशी वाचली आणि बरे झाले असे मनापासून वाटले. त्या वेळी आमचा यांगूनचा कंटेनर न्हावा-शेव्याहून सुटला होता आणि त्याचे सत्तर टक्के पैसे यायचे होते.

मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका मध्यम आकाराच्या औषध कंपनीत निर्यातीची कागदपत्रे बघते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बांबोळीच्या एफडीए म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयातून मिळवायचे दाखले, सीएचएच्या म्हणजे कस्टम्सचे काम करणाऱ्या एजंटच्या मागे लागणे, बँकेच्या मागे लागणे. फोंड्याहून कंपनीच्या बसने बोरीचा पूल ओलांडून जायचे आणि त्याच वाटेने अंधार पडता पडता परत यायचे. जगाच्या राजकारणाशी माझा संबंध एवढाच, की आमचा माल ज्या बंदरात उतरतो तिथे काय चालले आहे ते मला ठाऊक असावे लागते.

त्या कंटेनरमध्ये रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि सोडियम व्हॅल्प्रोएट होते. व्हॅल्प्रोएट फिट्सवर देतात. ही गोळी रोज घ्यावी लागते. अचानक बंद पडली तर झटके उलटून येतात, कधी एकामागोमाग एक, आणि त्यात माणूस दगावतो. शिवाय ती हवेतली ओल पटकन ओढून घेते. म्हणून आम्ही ती अलू-अलूमध्ये भरतो, म्हणजे खाली-वर दोन्हीकडे अॅल्युमिनियम. पॅकिंगच्या वेळी एखाद्या पट्टीची कडा नीट चिकटली नसेल तर आतली गोळी दोन दिवसांत फुगते, वरचा थर तडकतो, बोटाला चिकट लागते. यांगूनमध्ये जुलै-ऑगस्टचा पाऊस आपल्या आषाढ-श्रावणासारखाच कोसळतो. बंद कंटेनर त्या दमटपणात धक्क्यावर उभा राहणे म्हणजे काय, हे आमच्या क्वालिटीच्या माणसांना वेगळे सांगावे लागले नाही.

आमची गिऱ्हाईक ही यांगूनमधली एक खासगी वितरक कंपनी. चालवणाऱ्या बाई स्वतः फार्मासिस्ट, साठीच्या आसपास. मी त्यांना दॉ लावून लिहिते. आपण ताई-मावशी लावतो तसा मोठ्या बाईला द्यायचा तो मान. त्या मला फक्त सिस्टर म्हणतात. त्यांच्याशी व्यवहार जुना, २०१६मध्ये अमेरिकेने आधीचे निर्बंध उठवल्यानंतर सुरू झालेला. तेव्हा यांगूनला सगळ्यांनाच जायचे होते. मग १ फेब्रुवारी २०२१ला लष्कराने निवडून आलेले सरकार उलथले. डॉक्टर आणि परिचारिका सगळ्यांत आधी काम सोडून बाहेर पडल्या, सरकारी इस्पितळे ओस पडली, आणि लोकांना खासगी दवाखाने आणि औषधांची दुकाने यांचाच आधार उरला. बाईंचा व्यापार त्यामुळे वाढला, पण डॉलर मिळेनासे झाले. एप्रिल २०२२मध्ये मध्यवर्ती बँकेने हातातले परकीय चलन ठरलेल्या दराने क्याटमध्ये बदलायची सक्ती केली. दर एका डॉलरला १,८५०, ऑगस्टपासून २,१००. बाजारात भाव त्याच्या कितीतरी वर. औषध आयात करणाऱ्याला परवाना आधी आणि डॉलर नंतर अशा दोन रांगा लागल्या.

पैसे त्यांनी जुलैमध्ये पाठवले. स्विफ्टची, म्हणजे पैसे निघाल्याच्या बँकसंदेशाची प्रतही मला मेलवर आली. त्यांच्या खासगी बँकेतून सिंगापूरच्या बँकेत, तिथून न्यूयॉर्कला, तिथून आमच्या बँकेत, असा तो रस्ता. एरवी दोन-तीन दिवसांचे काम. आठवडा गेला, काही नाही. दुसरा गेला. आमच्या बँकेतल्या मॅडमना फोन केला की त्या एकच वाक्य सांगत, "तुमचं पेमेंट वर कंप्लायन्सला गेलंय." कंप्लायन्स म्हणजे व्यवहार नियमात बसतो का ते तपासणारे खाते, पण वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही धड ठाऊक नव्हते. फॅक्टरीत डिस्पॅचचे सुपरवायझर रोज जेवणाच्या वेळी विचारत, "बाय, यांगूनाचें कितें जालें?" त्यांनी स्वतः उभे राहून तो कंटेनर भरून घेतला होता.

कायद्याने पाहिले तर आमच्या व्यवहाराला कुठेच आडकाठी नव्हती, आणि हे समजून घ्यायला मला बरेच वाचावे लागले. म्यानमारशी व्यापारच करायचा नाही असा सरसकट निर्बंध अमेरिकेने या खेपेस घातलेला नाही. फेब्रुवारी २०२१मधल्या अध्यक्षीय आदेशाने नेमकी माणसे, नेमक्या कंपन्या यादीत टाकल्या जातात. तेव्हाचे लष्करप्रमुख मिन आँग लाईंग तर रोहिंग्यांवरच्या अत्याचारांपायी डिसेंबर २०१९मध्येच यादीत होते. मार्च २०२१मध्ये लष्कराच्या दोन अवाढव्य कंपन्या आल्या, एमईएचएल आणि एमईसी. यादीतल्या माणसांची मिळून पन्नास टक्के किंवा अधिक मालकी असलेली कंपनी यादीत नाव नसले तरी निर्बंधांतच धरायची, हा नियम. आमच्या बाई या कशातच बसत नव्हत्या. औषधांचे म्हणाल, तर डिसेंबर २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव केला की निर्बंधांमुळे लोकांच्या गरजेची मदत अडता कामा नये. त्याच महिन्यात अमेरिकी अर्थखात्याच्या ओफॅक या कार्यालयाने कितीतरी निर्बंधांच्या नियमावल्यांत अन्नधान्य आणि औषधे यांच्यासाठी कायमचे परवाने लिहून टाकले. आणि आपला देश तर सुरक्षा परिषदेने घातलेले निर्बंध तेवढेच मानतो, कुणा एका देशाने घातलेले नाही.

तरीही पैसे अडकले, कारण ते डॉलर होते, आणि डॉलर न्यूयॉर्कच्या बँकेला शिवून येतात. सुदान, इराण आणि क्युबा यांच्याशी केलेल्या व्यवहारांपायी बीएनपी परिबास या फ्रेंच बँकेला २०१४मध्ये अमेरिकेत जवळपास ९०० कोटी डॉलरचा दंड भरावा लागला होता. हा आकडा जगातल्या प्रत्येक बँकेच्या कंप्लायन्स खात्याने पाठ केलेला आहे. त्यात ऑक्टोबर २०२२पासून म्यानमार एफएटीएफच्या, म्हणजे काळ्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या, काळ्या यादीत. आमच्या पेमेंटवर बँकेला मिळणारे कमिशन किती, आणि चुकून काही निघाले तर बसणारा फटका किती, हा हिशेब मांडला की तिथे बसलेला माणूस सही करायला का कचरतो ते समजते. मला त्याचा राग येत नव्हता. मला त्या धक्क्यावरच्या कंटेनरची काळजी होती.

शेवटी प्रश्नांचा मेल आला. मालाचे नेमके वर्णन, अंतिम वापर करणारे कोण, खरेदीदार कंपनीचे मालक आणि संचालक कोण, त्यांच्यापैकी कुणी सरकारी वा लष्करी पदावर आहे का, डॉलर कुठून आले, त्या दोन बँकांपैकी एखादीचा हात यात कुठे लागला का, जहाजाचे नाव आणि त्याचा आयएमओ हा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, यांगूनमधले टर्मिनल, आणि एका संचालकाच्या नावाबद्दल खुलासा. उत्तराला मुदत थोडी.

आमच्या फायनान्सच्या सरांचे म्हणणे होते की एका पानाचे पत्र देऊ, माल औषधी आहे, बंदी नाही, म्हणून. मी म्हटले, "सर, एका पानावर पैसे सुटणार नाहीत. ज्याने हे विचारलंय त्याला त्याच्या वरच्याला दाखवायला कागद लागणार. ते आपण देऊया." त्यांनी मला मोकळीक दिली.

आधी नावाचे प्रकरण. बर्मी माणसाला आडनाव नसते. आँग, विन, सो, मिंट, क्याव असे शब्द पुन्हापुन्हा येतात, पुरुषांना आणि बायकांनाही. आमच्या बाईंच्या नावातले दोन शब्द यादीतल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या नावाशी जुळत होते. ओफॅकच्या संकेतस्थळावर यादी शोधायची सोय सगळ्यांना फुकट आहे. त्यात एक पट्टी असते, नाव किती जुळले तर दाखवायचे ते ठरवणारी. मी ती शंभरावर ठेवली तर काहीच आले नाही. खाली ओढत ओढत ऐंशीच्या घरात आणली तेव्हा तो अधिकारी समोर आला: पद, जन्मतारीख, पुरुष. म्हणजे बँकेच्या यंत्राने हेच केले होते, आणि त्यानंतर एखाद्या माणसाने ते दोन नोंदींशी ताडून पाहायला हवे होते, ते राहिले होते.

बाईंकडे पासपोर्टची आणि एनआरसीची, म्हणजे तिथल्या नागरिकाच्या ओळखपत्राची प्रत मागितली. मागताना मला अवघडल्यासारखे झाले. त्या देशात अशा कार्डाची प्रत परक्या माणसाला देणे साधी गोष्ट नाही. त्यांनी दिली. गुलाबीसर कार्ड, बर्मी लिपी, आणि क्रमांकाची एक ठरलेली मांडणी: आधी प्रांताचा आकडा, यांगूनसाठी १२, मग तिरपी रेघ, मग शहरविभागाची तीन अक्षरे, कंसात नागरिक असल्याची खूण आणि शेवटी सहा आकडे. मी तो क्रमांक, जन्मतारीख, स्त्री ही नोंद आणि वडिलांचे नाव एका रकान्यात लिहिले. शेजारच्या रकान्यात यादीतल्या अधिकाऱ्याची माहिती. दोघांच्या वयात बरेच अंतर होते. एवढा एक तक्ता. त्या तक्त्यावर सगळी फाइल उभी राहिली असे मी आजही मानते.

मालकीसाठी त्यांच्या कंपनी नोंदणी खात्याचा उतारा होता. टर्मिनलचा प्रश्न जास्त नाजूक. यांगूनमधल्या बंदराच्या काही जागांची मालकी एमईसीकडे आहे. अदानी पोर्ट्सने तिथे बांधायला घेतलेले कंटेनर टर्मिनल अशाच भाड्याच्या जमिनीवर होते, आणि निर्बंधांमुळे ते मे २०२३मध्ये ३ कोटी डॉलरला विकून कंपनी बाहेर पडली. एवढ्या मोठ्या कंपनीला जिथे माघार घ्यावी लागली, तिथे आमच्यासारख्यांनी टर्मिनलचे नाव न विचारताच माल धाडणे बरोबर नव्हे. आमच्या शिपिंग लाइनकडून माल उतरल्याचा कागद मागवला आणि ते टर्मिनल कुणाचे हे लेखी घेतले. ते लष्कराच्या कंपनीचे नव्हते.

राहिला अंतिम वापर. हा प्रश्न मी बाईंना आडवळणाने विचारला नाही. फोनवर स्पष्ट विचारले, "दॉ, तुमचा माल लष्करी इस्पितळांना जातो का?" थोडा वेळ पलीकडे शांतता होती. मग त्या म्हणाल्या की संरक्षण मंत्रालयाचे टेंडर त्यांनी कधी भरलेले नाही आणि भरणारही नाहीत. पण दुकानात उभा राहून गोळ्या घेणाऱ्या माणसाला त्याचा मुलगा कुठे नोकरीला आहे असे विचारता येणार नाही. मी ते उत्तर जसेच्या तसे लिहिले. खोटी हमी द्यायची नाही हे आम्ही दोघींनी तिथेच ठरवले. सोबत त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकांची यादी, मागच्या वर्षाच्या विक्रीसह.

हे सगळे जमेस्तोवर कंटेनर यांगूनला लागून उभा होता आणि डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकून राहिल्याचा आकार, चढत होते. उरलेले पैसे हातात आल्यावर आम्ही टेलेक्स रिलीज, म्हणजे माल सोडायला हरकत नाही असा शिपिंग लाइनला निरोप, द्यायचा, मगच तिथे माल सुटणार, असा करार. फायनान्सच्या सरांना रिलीज द्यायला धीर होत नव्हता, आणि त्यांचे चूक नव्हते. पैसे वेळेत आले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएसमध्ये, म्हणजे निर्यातीचे पैसे आले का ते नोंदवणाऱ्या यंत्रणेत, शिपिंग बिल उघडे राहते आणि त्याची उत्तरे त्यांनाच द्यावी लागतात. मी मालकांकडे गेले. स्विफ्टची प्रत समोर ठेवली. पैसे त्या बाईंच्या खात्यातून निघालेले आहेत, ते आता त्यांच्याकडे नाहीत आणि आपल्याकडेही नाहीत. अडले आहेत ते मधल्या बँकेत. मग माल कुणासाठी अडवून ठेवायचा? मालक जुने केमिस्ट, मडगावात दुकान चालवून वर आलेले. त्यांनी व्हॅल्प्रोएटच्या बॅचचा क्रमांक विचारला, उत्पादनाची तारीख विचारली आणि म्हणाले, "दे रिलीज. पैशांचं मी बघतो." त्याच दुपारी शिपिंग लाइनला मेल गेला.

घरी हे सांगितले तेव्हा आजी म्हणाली, "म्हणजे ब्लॉकेडच की." तिचे माहेर डिचोली तालुक्यातले, कुळागराचे, म्हणजे सुपारीच्या बागायतीचे. १५ ऑगस्ट १९५५ला गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसे मारली. त्यानंतर भारताने सीमा बंद केली, रेल्वे बंद झाली, आधीच आवळलेली नाकेबंदी पक्की झाली. आजी तेव्हा शाळकरी पोर. तिला आठवते ती सुपारी: माळ्यावर पोती रचलेली आणि घ्यायला घाटावरचा व्यापारी नाही. मुंबईला नोकरी करणाऱ्या काकांची मनीऑर्डर यायची थांबली. बाजारात हॉलंडचे बटाटे आले, तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनचा. दाबोळीचा विमानतळ तर त्या नाकेबंदीवर तोड म्हणूनच उभा राहिला. माझ्या ऑफिसवरून रोज विमाने जातात, त्यांत बसलेल्या किती जणांना हे माहीत असेल? त्याच वर्षांत मुरगावातून लोहखनिजाची जहाजे जपानला आणि युरोपला भरभरून जात राहिली. खाणवाल्यांचे आणि सरकारचे भागले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार हलला नाही. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ला, सैन्य आत आल्यावर.

मी आजीला विचारले, मग नाकेबंदी चुकीची होती का? ती चिडली. "चुकीची कशी? आमची माणसं तुरुंगात होती. पण सुपारीवाल्यानं काय केलेलं?"

मला वाटते, या प्रश्नावर जग बरेच पुढे आले आहे. १९९०नंतर इराकवर घातलेल्या सरसकट निर्बंधांनी सामान्य माणसांचे जे हाल झाले त्यातूनच नेमके नाव घेऊन निर्बंध घालायची पद्धत रुजली. ती पद्धत मला मान्य आहे, आणि भारताने ती परकी समजू नये. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषापायी व्यापार तोडणारा पहिला देश आपणच, १९४६मध्ये, स्वतंत्र व्हायच्याही आधी. आणि निर्बंध फुकट जातात हेही खरे नाही. मे २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनी, टॉम अँड्र्यूज यांनी, म्यानमारच्या लष्कराने बंडानंतर बाहेरून घेतलेल्या किमान १०० कोटी डॉलरच्या शस्त्रसामग्रीचा हिशेब मांडला. त्यात सिंगापूरमधून गेलेला माल २५ कोटी ४० लाख डॉलरचा होता. त्या देशाने चौकशी लावली, बँकांनी डोळे उघडले, आणि वर्षभरानंतरच्या अहवालात हा पुरवठा जवळपास नव्वद टक्क्यांनी घसरलेला दिसला. त्याच पहिल्या अहवालात भारतातून गेलेला मालही आहे, ५ कोटी १० लाख डॉलरचा, सरकारी कंपन्यांनी दिलेल्या मालासह. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. ११ एप्रिल २०२३ला सगाईंग प्रांतातल्या पाझीजी गावात एका कार्यालयाच्या उद्घाटनाला लोक जमले होते. त्यांच्यावर विमानातून बॉम्ब टाकले गेले, दीडशेच्या वर मेले, त्यांत लहान मुले होती. त्या विमानांचे इंधन, सुटे भाग कुठून तरी विकत घेतलेले असतात, त्याचे इनव्हॉइस माझ्यासारख्याच कुणीतरी टाइप केलेले असते. म्हणून बँकेने मला प्रश्न विचारले याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती प्रश्न विचारायला लावलेल्या आठवड्यांबद्दल, आणि उत्तरे मिळाल्यावरही कुणी वाचत नव्हते त्या दिवसांबद्दल.

कारण फाइल पाठवल्यावर पुन्हा सामसूम झाली. मग मी एक गोष्ट केली, ती अशा अडचणीत सापडलेल्या प्रत्येकाने करावी असे मला वाटते. बँकेला तोंडी विचारणे बंद केले आणि लेखी विचारले: आमच्या उत्तरांपैकी नेमके कुठले अपुरे आहे ते कळवा, आणि हे पैसे परत पाठवणार आहात, गोठवणार आहात की सोडणार आहात, तिन्हींपैकी काय ते सांगा. या तिन्हींत फरक आहे. यादीतल्या माणसाचे पैसे असतील तर ते गोठवावे लागतात आणि तसे ओफॅकला कळवावे लागते. तसे नसेल तर नुसते धरून बसायला आधार नाही. आमच्या शाखेतल्या मॅडमनी तो मेल वर पाठवला आणि स्वतः फोन लावून पिच्छा पुरवला, हे मुद्दाम नोंदवते. काही दिवसांनी वरच्या खात्यातल्या एका माणसाचा मला थेट फोन आला, आवाजावरून तरुण वाटला. त्याने फक्त तक्त्याबद्दल विचारले. जन्मतारखेचा कागद कुठल्या पानावर आहे? मी पान सांगितले. तो म्हणाला, "बस, हेच हवं होतं."

पैसे त्यानंतर आले, मधल्या बँकांचे आकार कापून. डिटेन्शनचा खर्च आम्ही आणि बाईंनी निम्मा-निम्मा वाटून घेतला. कंटेनर त्याआधीच सुटला होता. बाईंनी गोदामातला फोटो पाठवला, खोके उघडून एक पट्टी तळहातावर धरलेली, कडा शाबूत. तो फोटो मी डिस्पॅचच्या सुपरवायझरना दाखवला.

पुढच्या वर्षी वाट बदलली. जानेवारी २०२४पासून पंजाब नॅशनल बँकेतल्या विशेष व्होस्ट्रो खात्यातून, म्हणजे परदेशी बँकेसाठी इथे उघडलेल्या रुपयाच्या खात्यातून, भारत आणि म्यानमार यांच्यात रुपयात देणीघेणी सुरू झाली. आपण तिथून तूर आणि उडीद घेतो, त्याचे रुपये तिथल्या व्यापाऱ्यांकडे जमतात, त्यांतून औषधांचे बिल चुकते करता येते. बाईंनी एक ऑर्डर तशी केली. न्यूयॉर्क नाही, सिंगापूर नाही, पैसे सुरळीत आले. ऑफिसात सगळ्यांना हायसे वाटले, मलाही. पण घरी येताना बसमध्ये मनात दुसरेच चालले होते. त्या व्यवस्थेच्या पलीकडच्या टोकाला जी मध्यवर्ती बँक आहे ती लष्कराच्याच ताब्यात आहे. औषधांचे पैसे जसे सहज आले, तसे दुसऱ्या कशाचेही येऊ शकतात, आणि या वाटेवर मला टर्मिनल कुणी विचारले नाही, अंतिम वापर कुणी विचारला नाही. औषधाला बिनघोर वाट हवी हे माझे ठाम मत आहे. त्याच वाटेवरून रेडिओसंच, धातूच्या नळ्या, विमानाचे भाग चालले असतील तर त्यांना आपल्याच बँकांनी आणि आपल्याच कस्टम्सने अडवून विचारायला हवे. ते अमेरिकेवर सोडून द्यायचे कारण नाही. सुरक्षा परिषदेचा निर्बंधांचा ठराव नाही म्हणून आपण काहीच विचारणार नाही, ही भूमिका मला पटत नाही. १९४६मध्ये कुठला ठराव होता?

सरकारच्या हातात असलेले मी बदलू शकत नाही. माझ्या टेबलावरचे बदलू शकते. आता म्यानमारची कुठलीही ऑर्डर पक्की व्हायच्या आधी तीच फाइल तयार होते, बँक मागो न मागो, डॉलर असोत वा रुपये. मालक कोण, संचालक कोण, टर्मिनल कुठले, पुढे कुणाला विकणार. बाईंच्या कंपनीला आता यात फार वेळ लागत नाही. त्या स्वतःच आधी कागद पाठवतात.

मध्यंतरी तिसऱ्याच देशातल्या एका एजंटकडून मोठी विचारणा आली होती. प्रतिजैविके, वेदनाशामके, सगळे मोठ्या प्रमाणात, पोहोच म्यानमारच्या राजधानीत, नेपिडॉला, दर आमच्या नेहमीच्या भावापेक्षा चांगला, आगाऊ रक्कम पूर्ण. माल घेणारा कोण ते नंतर सांगू, असे त्यात होते. सेल्सची मुले खूश होती. मी तेच प्रश्न पाठवले. एजंटने लिहिले, औषधांना निर्बंध लागू नाहीत, तुम्ही विचारता कशाला? मी कळवले की लागू नाहीत हे मला माहीत आहे, तरी खरेदीदाराचे नाव हवे. जखमी सैनिकालाही औषध मिळावे असे मी मानते, आणि ते तसे उघड सांगून मागितले असते तर मी मालकांपुढे तसेच ठेवले असते, निर्णय त्यांचा. पण नाव लपवून मागितलेल्या मालाच्या कागदांवर कुणाला काय दाखवणार? एजंटचे उत्तर आले नाही. मी दोन्ही मेल मालकांपुढे ठेवले. त्यांनी वाचले, वर फुली मारली आणि विचारणा बंद केली. त्या आठवड्यात बाईंची पुढची ऑर्डर भरायला घेतली, पुन्हा व्हॅल्प्रोएट, या खेपेस पावसाच्या आधी पोहोचेल अशा बेताने.